इंजिनचं काम निघालं की ऑक्सिजन सेन्सर कसा जपायचा

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, ऑइल गळायचं थांबलं, गाडी पहिल्यासारखी पळायला लागली. मग तीन-चार आठवड्यांनी चेक इंजिनचा दिवा पेटतो, ॲव्हरेज उतरतं, उभ्या गाडीत इंजिन किंचित डुलायला लागतं. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला की ऑक्सिजन सेन्सरचं नाव येतं. "जुनाच होता, गेला असेल," असं म्हणून नवा बसवला जातो आणि विषय तिथेच संपतो. पण पुष्कळ वेळा तो सेन्सर म्हातारपणाने गेलेला नसतो. त्या दुरुस्तीतच त्याला विषबाधा झालेली असते. मूळ कारण तसंच राहिलं असेल, तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जातो.

माझ्या हातून असा एक सेन्सर गेला आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी टॅपेट कव्हरच्या कडेला घरात पडलेलं साधं सिलिकॉन भरपूर लावलं, तासाभरात इंजिन सुरू केलं आणि काम झालं असं समजलो. महिन्याभराने सेन्सर बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोकावर पांढरी, वाळूच्या पापुद्र्यासारखी खर होती. कव्हर वर होतं, सेन्सर खाली सायलेन्सरच्या पाइपात होता, मधे अख्खं इंजिन. तरी ते सिलिकॉन तिथवर पोहोचलं होतं. ते कसं पोहोचतं हे कळलं की पुढच्या सगळ्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

हा लेख पेट्रोल गाडीचं छोटं-मोठं काम स्वतः करायला लागलेल्यांसाठी आहे. गाडी मेकॅनिककडे देणाऱ्यांनाही काय विचारायचं ते यातून कळेल.

हा सेन्सर करतो काय

इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला आहे हे हा सेन्सर सांगतो. त्यावरून ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) ठरवतो की पेट्रोल वाढवायचं की कमी करायचं. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा, हे प्रमाण साधायची ही सगळी धडपड असते.

नेहमीच्या सेन्सरच्या टोकात झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची एक छोटी टोपी असते, अंगठीएवढ्या जागेत मावेल अशी. तिच्या आतून आणि बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर असतो आणि बाहेरच्या थरावर सच्छिद्र सिरॅमिकचं संरक्षक आवरण. बाहेरून धूर, आतून बाहेरची स्वच्छ हवा. दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकावर व्होल्टेज तयार होतं. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.८ ते ०.९ व्होल्ट, लीन (पेट्रोल कमी) असेल तर ०.१ च्या आसपास, आणि बरोबर प्रमाणाला ०.४५. सिरॅमिक साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय हे काम सुरू होत नाही. बॉशचा पहिला लॅम्डा सेन्सर (ऑक्सिजन सेन्सरचंच दुसरं नाव) १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत आला तेव्हा तो फक्त धुराच्या उष्णतेवर तापायचा. आता आतच हीटर असतो, म्हणून सेन्सरला चार वायरी दिसतात. मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणाऱ्या वाइडबँड प्रकारच्या सेन्सरला पाच किंवा अधिक असतात.

त्या सच्छिद्र आवरणातून वायू आत-बाहेर जात राहिला पाहिजे, हे लक्षात ठेवा. सेन्सर बिघडवणारी बहुतेक विषं एवढंच करतात: ती छिद्रं बुजवतात, नाहीतर प्लॅटिनमला निकामी करतात.

विष येतं कुठून

सिलिकॉनची वाट सगळ्यात फसवी आहे, म्हणून आधी तीच.

इंजिनच्या पोटात, म्हणजे टॅपेट कव्हरपासून खालच्या ऑइल चेंबरपर्यंत, सगळी पोकळी एकच आहे. तिथे साठणारी वाफ हवेत सोडायची नाही म्हणून ब्रीदर पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून ती परत इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पाइपात) ओढली जाते. तिथून सिलिंडरमध्ये जाऊन जळते. आता कव्हरच्या कडेला लावलेलं ओलं सिलिकॉन या पोकळीत उघडं असतं. सुकताना त्यातून सिलोक्सेन नावाचे हलके वायू निघतात. इंजिन चालू असेल तर तेही त्याच वाटेने ओढले जातात, जळतात आणि जळल्यावर त्यांची सिलिका होते. सिलिका म्हणजे वाळू आणि काच ज्याची बनते तोच पदार्थ. ती धुराबरोबर जाऊन सेन्सरच्या छिद्रांत बसते आणि काचेसारखी घट्ट होते. पुढे काहीही केलं तरी ती निघत नाही.

याला किती कमी माल पुरतो याचं एक उदाहरण आहे. २००७ च्या फेब्रुवारीअखेरीस इंग्लंडच्या आग्नेय भागात हजारो गाड्या एकदम धडपडायला लागल्या. पेट्रोलमध्ये सिलिकॉनचा अंश मिसळला गेला होता आणि त्याने ऑक्सिजन सेन्सर मारले होते. तिथे दुरुस्तीचा संबंध नव्हता, पण जळून सिलिका होण्याची क्रिया तीच.

दुसरं विष कूलंट. हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) फुटलं की कूलंट सिलिंडरमध्ये शिरतं. बऱ्याच कूलंटमध्ये धातूला गंज चढू नये म्हणून सिलिकेट किंवा फॉस्फेट घातलेलं असतं. ते जळून तसाच थर बनवतं.

तिसरं इंजिन ऑइल. झीज कमी करायला ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस असलेलं रसायन असतं. ऑइल जळलं की त्याची राख सेन्सरवर आणि पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसते. याच कारणाने नव्या पेट्रोल गाड्यांसाठीच्या पातळ ग्रेडच्या ऑइलमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची वरची मर्यादा घातलेली आहे. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचं ऑइल घाला असं सांगतात, त्यामागे हाही हिशेब आहे.

काजळी हे चौथं, पण ते विष म्हणण्यापेक्षा घाण आहे. मिश्रण रिच झालं की काळी काजळी बसते. कारण दूर करून गाडी मोकळ्या रस्त्यावर चांगली तापवली की ती बहुधा जळून जाते. शिसं असलेलं पेट्रोलही सेन्सर मारतं, पण ते आता रस्त्यावरच्या गाड्यांच्या पेट्रोलमधून जवळजवळ सगळीकडून गेलं आहे.

पाना हातात घेण्याआधी

काम सुरू करण्यापूर्वी स्कॅनर लावून सेन्सरची आजची तब्येत लिहून ठेवा. ही पायरी बहुतेक जण सोडतात आणि नंतर वाद घालतात की सेन्सर आधीच गेला होता की आत्ता गेला. कोड आहेत का, गरम इंजिनवर व्होल्टेज वर-खाली होतं का, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली टक्क्यांतली वाढ-घट) किती आहे, एवढं पुरे. स्क्रीनचा फोटो काढला तरी चालेल.

मग गाडीत सेन्सर किती आणि कुठे आहेत ते बघा. कन्व्हर्टरच्या आधीचा मिश्रण सांभाळतो, नंतरचा कन्व्हर्टरवर लक्ष ठेवतो. व्ही आकाराच्या इंजिनला दोन्ही बाजूंना वेगळी जोडी असते. दुरुस्तीचा फटका आधी बसतो तो पुढच्याला, कारण धूर त्याच्यावरूनच पहिला जातो.

सेन्सर काढायचा की राहू द्यायचा

टॅपेट कव्हर किंवा ऑइल चेंबरचं काम असेल तर सेन्सरला हात लावायची गरज नाही. वायर ताणली जाणार नाही आणि वरून ऑइल ठिबकणार नाही एवढं बघा. सेन्सर कव्हरच्या बरोबर खाली येत असेल तर वर स्वच्छ फडकं टाका आणि इंजिन सुरू करण्याआधी आठवणीने काढा, कारण तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या पाइपावर) राहिलेलं फडकं पेट घेतं.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरणार असेल तर मात्र सेन्सर आधी काढा. मॅनिफोल्ड सेन्सरसकट उतरवून तसाच रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये घासायला टाकलेला मी पाहिला आहे. त्यानंतर त्या सेन्सरकडून काही अपेक्षा ठेवता येत नाही.

काढताना इंजिन बंद, पण पाइप कोमट हवा. हाताला सोसेल इतपत गरम असला की आटे सहज सुटतात. गार पाइपात ते धरून बसतात आणि लालबुंद तापलेल्या पाइपावर तुमचा हात भाजेल. आधी कनेक्टर सोडवा, नाहीतर पाना फिरवताना वायरला पीळ बसून ती आतून तुटते. बहुतेक सेन्सरना २२ मिलिमीटरचा पाना लागतो. वायर बाहेर यायला एका बाजूने चीर असलेलं सॉकेट मिळतं, ते वापरलं तर षट्कोन घासला जात नाही. हट्टी असेल तर गंज सोडवणारं तेल फक्त बाहेरून, आट्यांच्या मुळाशी, दोन-चार थेंब टाका आणि वेळ द्या. हातोडीचे ठोके आणि इम्पॅक्ट गन नको. सिरॅमिक धक्क्याने तडकतं आणि तो तडा बाहेरून दिसत नाही.

काढलेला सेन्सर स्वच्छ कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. ऑइलच्या हातांनी टोकाला स्पर्श नको आणि कामाच्या टेबलावर तेलकट पान्यांच्या शेजारी तो पडलेला नको. फरशीवर पडला असेल तर तो परत बसवू नका. आवाज आला नाही, टोक वाकलं नाही, तरीही नको.

सीलंटचं काम: इथे घाई करू नका

पहिला प्रश्न, सीलंट लागतं का? रबराच्या तयार पॅकिंगला बहुतेक ठिकाणी ते लागतच नाही. टायमिंग कव्हर आणि हेड जिथे एकमेकांना भेटतात अशा कोपऱ्यांत दोन-चार ठिपके लावायला गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल सांगतं. बाकीची कड कोरडी ठेवायची. "लावलं तर कुठे बिघडतं, अजून घट्ट बसेल" हा विचार इथे उलटा पडतो. रबराच्या पॅकिंगवर सिलिकॉन लावलं की पॅकिंग सरकतं आणि आवळताना बाहेर निसटतं. गळती थांबायच्या ऐवजी वाढते.

जिथे लागतं तिथे योग्य माल घ्या. ट्यूबवर "सेन्सर सेफ" असं लिहिलेलं आरटीव्ही (साध्या तापमानाला घट्ट होणारं) सिलिकॉन हवं. त्यातून वाफ होऊन उडणारे घटक खूप कमी ठेवलेले असतात. बाथरूमच्या फटी बुजवायचं, खिडकीच्या काचेला लावायचं, ट्यूब उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास मारणारं सिलिकॉन इंजिनच्या जवळसुद्धा नको. तो वास ॲसेटिक ॲसिडचा असतो. ते ॲसिड धातूला खातं आणि अशा साध्या सिलिकॉनमधून सिलोक्सेनही मोकळेपणाने निघतात. रंगावरून काही ठरवू नका. काळं, राखाडी, लाल, कुठल्याही रंगाचं सिलिकॉन चांगलं किंवा वाईट असू शकतं. ट्यूबवरचे शब्द वाचा.

आता लावायचं कसं. जुनं सिलिकॉन आणि पॅकिंगचे तुकडे प्लॅस्टिकच्या किंवा लाकडाच्या पट्टीने खरवडा, म्हणजे ॲल्युमिनियमवर ओरखडे उठत नाहीत. तुकडे आत पडू देऊ नका. शेवटी दोन्ही पृष्ठभाग पुसून पूर्ण कोरडे आणि तेलमुक्त करा. मग २ ते ३ मिलिमीटर जाडीची एकच अखंड रेघ ओढा. बोल्टचं भोक आलं की रेघ त्याच्या आतल्या बाजूने घ्या.

रेघ जाड झाली की दोन नुकसानं होतात. कव्हर आवळल्यावर जेवढं सिलिकॉन बाहेर आलेलं दिसतं, साधारण तेवढंच आत गेलेलं असतं. ते आत लोंबतं, पुढे तुटून ऑइलमध्ये पडतं आणि चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीला जाऊन चिकटतं. जाळी बुजली की ऑइलचा दाब पडतो, आणि ते नुकसान सेन्सरच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातं. दुसरं नुकसान आपल्या विषयातलं: जास्त माल म्हणजे जास्त वाफ, आणि तीही जास्त दिवस.

कारण आरटीव्ही सुकतं ते हवेतल्या ओलाव्याने, बाहेरून आत. वरची साय १०-१५ मिनिटांत धरते आणि हाताला कोरडी लागते. पातळ रेघ पूर्ण पिकायला साधारण २४ तास लागतात. जाड रेघ, थंडी किंवा कोरडी हवा असेल तर त्याहून जास्त. ट्यूबवर जो वेळ लिहिला असेल तो किमान समजा. साय धरली म्हणून इंजिन सुरू केलं की आतला ओला गाभा तापतो आणि जे वायू एका रात्रीत हळूहळू मोकळ्या हवेत गेले असते ते एकदम पीसीव्हीतून सिलिंडरकडे ओढले जातात. सेन्सर सेफ माल वापरला तरी ही वाट बघायचीच, कारण त्यात उडणारे घटक कमी असतात, शून्य नसतात. मला कुणी विचारलं की या सगळ्या लेखातली एकच गोष्ट पाळायची तर कुठली, तर मी ही रात्रभराची वाट सांगेन. सुकत असताना ऑइल भरायचं झाकण उघडं ठेवा आणि त्यावर स्वच्छ कापड टाका. वाफ बाहेर जायला मोकळी जागा मिळते.

गाडी मेकॅनिककडे असेल तर हाच प्रश्न नीट विचारा: "कुठलं सीलंट लावताय आणि गाडी कधी सुरू करणार?" संध्याकाळी काम संपलं तर सकाळी गाडी घ्यायला येतो असं आपण होऊन सांगा. घाई बऱ्याचदा मेकॅनिकची नसते, दारात उभ्या असलेल्या मालकाची असते.

एक्झॉस्टच्या जोडांबद्दल मात्र सरळ नियम: सेन्सरच्या आधी, म्हणजे इंजिन आणि सेन्सर यांच्या मधे, कुठलीही पेस्ट नको. तिथे धातूचं नवं गॅस्केट आणि नवे नट. तिथून वायू गळत असेल तर फट्‌फट् आवाज येतोच, शिवाय त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, ईसीयू मिश्रण लीन समजतो आणि पेट्रोल वाढवतो. सेन्सर धडधाकट असूनही दोषी ठरतो.

हेड गॅस्केटचं काम असेल तर

इथे विष दुरुस्तीच्या आधीपासूनच शरीरात असतं. बाहेर कुठे थेंब नाही आणि कूलंट मात्र कमी होतंय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, कूलंटच्या टाकीत बुडबुडे, अशा अवस्थेत गाडी महिनाभर चालवली असेल तर सेन्सरवर थर बसायला सुरुवात झालेली आहे असं धरून चला.

या अवस्थेत लोक गळती बंद करणारं द्रव कूलंटमध्ये ओततात. हेड गॅस्केट "बाटलीतून" दुरुस्त करणाऱ्या कित्येक द्रवांत सोडियम सिलिकेट असतं. ते फटीत जाऊन उष्णतेने काचेसारखं होतं आणि फट बुजवतं. पण ती फट सिलिंडरमध्ये उघडते. म्हणजे त्यातलं काही सिलिकेट सरळ सिलिंडरमध्ये आणि तिथून सेन्सरवर. ज्या गुणामुळे ते फट बुजवतं त्याच गुणामुळे ते सेन्सरही बुजवतं. सेन्सर आणि कन्व्हर्टर वाचवायचे असतील तर हा उपाय माझ्या दृष्टीने बाद.

हेड उचलण्याआधी कूलंट पूर्ण काढून घ्या, ब्लॉकमधलंही. तरी थोडं सिलिंडरमध्ये आणि एक्झॉस्ट पोर्टमध्ये सांडतंच. ते टिपून घ्या. मॅनिफोल्डमध्ये उतरलेलं विसरू नका. जोडणी करताना सिलिंडरच्या भिंतींना ऑइल लावावं लागतं, पण हात फिरेल एवढंच. वाटीभर ओतलेलं ऑइल पहिल्या अर्ध्या तासात धूर होऊन सेन्सरवरून जातं.

आणि नवा सेन्सर आणला असेल तर तो लगेच बसवू नका. पहिला स्टार्ट जुन्या सेन्सरवर करा. पाइपात साठलेलं कूलंट, ऑइल, असेंब्लीचं ग्रीस हे सगळं जळून धूर स्वच्छ होऊ द्या, कूलंटची पातळी दोन-तीन दिवस स्थिर राहते का बघा, मग नवा बसवा. जुना सेन्सर तसाही जाणार आहे, त्याला हे शेवटचं काम करू द्या.

स्प्रे आणि तेलं

थ्रॉटल बॉडी साफ करायचा स्प्रे सेन्सर सेफ असलेलाच घ्या, आणि क्लोरीन असलेला क्लीनर टाळा. स्प्रे थेट आत मारण्यापेक्षा कापडावर घेऊन पुसलेलं बरं. इनटेकचा रबरी होज चढत नसेल तर सिलिकॉन स्प्रे मारायचा मोह होतो. साधं पाणी लावा, होज सरकतो आणि पाणी वाळून जातं. बॉनेटखालच्या रबराला चमक आणणारे सिलिकॉनचे स्प्रे एअर फिल्टरच्या तोंडाजवळ चालू इंजिनवर मारू नका.

सेन्सरच्या कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे घालू नका. हे नवख्यांना पटत नाही, कारण इतर कनेक्टरना ते चालतं. झिर्कोनियाच्या टोपीला आतल्या बाजूने स्वच्छ हवा लागते हे वर आलंच आहे. कित्येक सेन्सर ती हवा वायरीच्या आतल्या बारीक पोकळीतूनच घेतात. कनेक्टरमध्ये ग्रीस भरलं की श्वास कोंडतो. याच कारणाने या वायरीला झाळ देऊन जोड करत नाहीत, दाबून बसवायचा कोरडा जोड करतात.

परत बसवताना

नव्या सेन्सरच्या टोकावरची प्लॅस्टिकची टोपी अगदी शेवटच्या क्षणी काढा. पाइपातले आटे गंजलेले असतील तर एम १८ बाय १.५ चा टॅप हलक्या हाताने फिरवून साफ करा. बहुतेक सेन्सरना हेच आटे असतात, तरी तुमच्या सेन्सरचं माप आधी जुळवून बघा.

आटे धरू नयेत म्हणून अँटीसीझ पेस्ट लावतात. नव्या सेन्सरला ती कंपनीतूनच लावून येते. दिसत असेल तर वरून आणखी लावू नका. जुना परत बसवत असाल तर ऑक्सिजन सेन्सरसाठीचीच पेस्ट, आट्यांच्या मधल्या भागावर अगदी थोडी. टोकाकडचे एक-दोन आटे कोरडे सोडा. पेस्टचा एक ठिपका टोकाच्या जाळीला लागला तरी इतकी काळजी वाया जाते.

सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा. सरळ जात नसेल तर उलटं फिरवून पुन्हा धरा. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने. एम १८ च्या सेन्सरला साधारण ४० ते ५० न्यूटन मीटर असतं, पण आकडा मॅन्युअलमधून घ्या. वायर मूळच्या क्लिपांमध्ये बसवा. मॅनिफोल्डला टेकलेली वायर वितळते आणि मग दोष पुन्हा सेन्सरवर येतो.

पहिला स्टार्ट आणि पुढचे काही दिवस

सुरू झाल्यावर गाडी एकाच जागी अर्धा तास आयडलवर ठेवू नका. धूर गार राहतो, काजळी बसते. गळती कुठे नाही हे बघून झालं की चालवायला काढा. तापलेल्या एक्झॉस्टवर पाण्याचा फवारा मारून सांडलेलं ऑइल धुऊ नका. गरम सिरॅमिकवर पाणी म्हणजे तडा. ऑइल सांडलं असेल तर गार असताना पुसा.

गरम इंजिन २००० ते २५०० आरपीएमला धरून स्कॅनरवर पुढच्या सेन्सरचा आलेख बघा. साधा सेन्सर ०.१ आणि ०.९ च्या मधे झपझप वर-खाली जायला हवा, दहा सेकंदांत अनेक वेळा. वाइडबँड असेल तर असा झोका दिसणार नाही. तिथे लॅम्डा हा आकडा १ च्या (म्हणजे बरोबर प्रमाणाच्या) आसपास राहतो का ते बघायचं. कन्व्हर्टरनंतरचा सेन्सर मात्र बऱ्यापैकी स्थिर असायला हवा. तो पुढच्यासारखाच नाचत असेल तर शंका कन्व्हर्टरवर. फ्युएल ट्रिम दोन्ही बाजूंना साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक.

विष भिनायला लागलेला सेन्सर एकदम मरत नाही, आधी मंदावतो. झोके रुंद आणि आळशी होतात. पी ०१३३ हा कोड पहिल्या बँकेच्या, म्हणजे सिलिंडरच्या पहिल्या रांगेच्या, पुढच्या सेन्सरच्या मंदपणाचाच आहे. सिलिकाचा थर बसलेला सेन्सर खोटं जास्त व्होल्टेजही दाखवतो, म्हणजे मिश्रण रिच आहे असं सांगतो. ईसीयू त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल तोडतो आणि गाडी ओढ घेताना अडखळते. पी ०१३५ आला तर मात्र सीलंटला दोष देऊ नका. तो हीटरच्या सर्किटचा कोड आहे, आधी फ्यूज आणि वायर बघा.

शंका आली तर सेन्सर काढून टोक उजेडात धरा. फिकट राखाडी किंवा फिकट तपकिरी असेल तर तब्येत ठीक. मऊ काळी पूड ही काजळी. पांढरी किंवा चमकदार, कणीदार खर असेल तर सिलिकॉन. पांढरट-हिरवट डाग कूलंटचे. तपकिरी, भाजलेला, चिकटून बसलेला थर ऑइलचा. रंगावरून अंदाज बांधा आणि तो स्कॅनरच्या आकड्यांशी ताडून बघा. एकट्या रंगावर निकाल देऊ नका.

साफ करायचा प्रयत्न करू नका. तारेचा ब्रश सच्छिद्र आवरण खरवडतो, पेट्रोलमध्ये बुडवल्याने सिलिका विरघळत नाही आणि गॅसच्या ज्योतीवर धरल्याने सिरॅमिक तडकू शकतं. काजळी असेल तर गाडी चालवून जाते, सिलिका असेल तर सेन्सर बदलायचा. बदलण्याआधी विषाचा झरा बंद झाला आहे याची खात्री करा: कूलंट कमी होत नाही, ऑइल जळत नाही, सीलंट पिकलं आहे.

काम झाल्यानंतर दोन-तीनशे किलोमीटर झाले की स्कॅनर पुन्हा एकदा लावा आणि सुरुवातीला काढून ठेवलेला तो फोटो शेजारी धरा. ट्रिमचे आकडे आणि झोक्यांचा वेग तेवढाच असेल, तर त्याच दिवशी ऑइल आणि कूलंटची पातळी बघून बॉनेट बंद करा.